वडिलांचं .३२ पिस्तूल आणि तीन स्प्रिंगा

पार्श्वभूमी

या पिस्तुलाला आम्ही दुकानात ‘खोबरेल’ म्हणायचो. का, ते पुढे येईलच. मी सैन्यातून आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झालो. आता शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या एका दुकानात आठवड्यातून तीन दिवस बसतो. पिस्तुलाच्या मालकांना इथे अण्णा म्हणतो. वय बावन्न, पश्चिम महाराष्ट्रातले ऊस बागायतदार. त्यांनी स्वतःच ‘लिहा, दुसऱ्याचं तरी वाचेल’ असं सांगितलं, म्हणून लिहितोय. गाव, नंबर आणि ओळख पटेल असा तपशील गाळला किंवा बदलला आहे.

पिस्तूल म्हणजे एफएन ब्राउनिंग मॉडेल १९१०. आखणी जॉन ब्राउनिंगची, कारखाना बेल्जियममधल्या हर्स्टलचा. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर, वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये सात राउंड. काडतूस ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘.३२’ म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, पिस्तुलाचं वेगळं आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. पण परवान्याच्या पुस्तिकेत दोन्हींपुढे ‘.३२ बोअर’ एवढंच दिसतं, त्यामुळे काउंटरवर हा घोळ आजही होतो. .३८ आणि ९ मिलिमीटर हे बोअर आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध. म्हणून परदेशी बनावटीची .३२ पिस्तुलं घराघरांत टिकून राहिली. व्यक्तीला शस्त्र आयात करणं १९८० च्या दशकापासून जवळपास बंदच झालं. नेमबाज खेळाडूंसारखे थोडे अपवाद सोडले, तर नवा परदेशी माल नाही. जो आहे तो एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतो आणि त्याला भाव लाखांत मिळतो. भाव वाढला तरी सुटे भाग काही येत नाहीत.

अण्णांच्या वडिलांनी हे पिस्तूल साठच्या दशकात घेतलं. २०१७ च्या पावसाळ्यात वडील गेले. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशा वेळी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. अण्णांनी ते दशक्रियेच्या आधीच केलं. पुढे वारसांची ना-हरकत पत्रं (एक भाऊ, दोन बहिणी), शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र, चौकशी, जिल्हादंडाधिकारी कार्यालयातल्या फेऱ्या असं सगळं होऊन २०१९ च्या फेब्रुवारीत परवाना त्यांच्या नावावर झाला. महिनाभरात लोकसभेची आचारसंहिता लागली, पिस्तूल पुन्हा ठाण्यात. मे अखेर परत आलं. सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा ठाण्यात. एकूण हिशेब केला, तर अडीच वर्षांत पिस्तूल घरी जेमतेम सहा महिने होतं. बाकी सगळा काळ, दोन पावसाळ्यांसकट, ते वडिलांच्या जुन्या चामडी होल्स्टरमध्ये घालून मालखान्यातल्या कपाटात पडून होतं.

चामडं ओल धरतं आणि कमावताना त्यात राहिलेले क्षार पोलादाला लागतात. होल्स्टर हे पिस्तूल अंगावर वागवायचं साधन आहे, ठेवायचं नव्हे. हे अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं. मालखान्यातल्या हवालदारानं तर जसं आलं तसं ठेवलं, त्यात त्याची चूक नाही.

अडचण

२०२१ च्या जानेवारीत अण्णांनी पहिल्यांदा रेंजवर सहा राउंड चालवले. दोन फुटलेच नाहीत. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर फायरिंग पिनचा (टोपीवर आपटून राउंड फोडणाऱ्या खिळीचा) ठसा होता, पण उथळ. चौथ्या राउंडची पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकली. तीन राउंड नीट गेले.

घरी कुणीतरी म्हणालं, ‘स्प्रिंग थकली असेल.’ साठ वर्षांचं पिस्तूल म्हणजे स्प्रिंग थकलेलीच, हे इतकं पटण्यासारखं होतं की पुढचे दहा महिने सगळा विचार त्या एका वाक्याभोवती फिरला. मीही त्याला बळी पडलो, ते पुढे सांगतो.

पर्याय आणि पहिली चूक

पहिला पर्याय अमेरिकेतून आला. अण्णांचा भाचा टेक्सासमध्ये असतो. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मामा, दहा-बारा डॉलरची स्प्रिंग आहे. दिवाळीला येताना बॅगेत टाकतो.” तिकडे जुन्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा, पिना, मॅगझिनं सहज मिळतात हे खरं. पण आपल्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात आणि शस्त्र आयात करायला कलम १० खाली परवाना लागतो. भाच्याच्या बॅगेतली ती स्प्रिंग कस्टमच्या टेबलावर निघाली असती, तर त्याचा पासपोर्ट आणि अण्णांचा परवाना दोन्ही अडकले असते. अमेरिकेतून असे भाग बाहेर न्यायलाही तिकडचे निर्यात नियम आहेत. अण्णांनी हा पर्याय नाकारला आणि योग्य केलं.

दुसरा पर्याय पिस्तूल विकायचा. गिऱ्हाईक घरी येऊन गेलं होतं. आलेल्या पैशात आयुध निर्माणीचं नवं .३२ घेता आलं असतं आणि वर बरंच उरलं असतं. “वडिलांची वस्तू आहे,” एवढंच उत्तर मिळालं. मी त्या उत्तराला नावं ठेवत नाही. मात्र भावनेपोटी ठेवलेली वस्तू चालवायचीच असा नियम नाही. न चालवता, नीट तेल देऊन, परवान्यावर जपून ठेवणं हा तिसरा पर्याय होता आणि त्याचा कुणी नीट विचारच केला नाही.

चौथा पर्याय परवानाधारक दुरुस्ती दुकानाचा. आमच्या दुकानापर्यंत यायला साडेतीन तास लागतात आणि तेव्हा कोविडमुळे दुकान कधी उघडं, कधी बंद. मग अण्णांनी पाचवा, कुठल्याच यादीत न बसणारा मार्ग धरला. त्यांनी पिस्तुलातली जुनी रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) काढली आणि एमआयडीसीत इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ‘अशीच, पण जरा दमदार’ स्प्रिंग करून घेतली.

“नुसती स्प्रिंगच तर दिली, साहेब. पिस्तूल कुठं दिलं?” असं ते नंतर मला म्हणाले. मी त्यांना व्याख्या वाचून दाखवली. शस्त्र किंवा त्याचा भाग बनवायला आणि दुरुस्त करायला कलम ५ खाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. त्या कारागिराला तर आपण कशासाठी स्प्रिंग बनवतोय हेही माहीत नव्हतं. अण्णांच्या कपाळावरचा घाम मला आजही आठवतो.

‘दमदार’ स्प्रिंग बसवल्यावर रेंजवर सहापैकी चार वेळा पिस्तूल अडकलं. पुंगळी कधी अर्धवट बाहेर, कधी बाहेर पडूनही पुढचा राउंड वर आलाच नाही आणि स्लाइड रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो ती जागा) बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये अण्णा पिस्तूल घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही काय पाहिलं

आधी कागद. परवान्याची प्रत, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), पिस्तुलाचा नंबर, दोन मॅगझिनं, जुनी स्प्रिंग, नवी स्प्रिंग असं सगळं नोंदवहीत आणि पावतीवर लिहिलं. काडतुसं मालकानं दुकानात सोडायची नाहीत, हा आमचा नियम.

मग मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलं. मॉडेल १९१० ला मॅगझिन काढल्यावर ट्रिगर चालू न देणारी सेफ्टी आहे. त्यामुळे ‘मॅगझिन काढलं की झालं’ असा समज पसरतो. चेंबरमध्ये राउंड असेल, तर तो मॅगझिन काढल्यावरही तिथेच असतो. साठ वर्षांच्या सेफ्टीवर मी माझा तळहात ठेवणार नाही.

पिस्तूल खोललं. या मॉडेलची रिकॉइल स्प्रिंग नळीभोवती असते आणि पुढे खाचा पाडलेली एक कडी तिला धरून ठेवते. कडी दाबून फिरवताना अंगठा निसटला की कडी छताला लागते, म्हणून मी ती फडक्यात धरून काढतो. स्लाइडच्या उजव्या बाजूला आणि मुठीच्या पुढच्या पट्टीवर गंजाचे खड्डे होते. होल्स्टरची शिवण जिथे टेकायची, त्याच रेषेत. नळी आतून बरी होती, चेंबरमध्ये एक पुसट चट्टा.

फायरिंग पिनच्या खोबणीत बोट घातलं, तर मेणासारखं पिवळट काहीतरी. वास घेतला आणि हसू आलं. खोबरेल तेल! वडील दर दसऱ्याला पूजेआधी पिस्तुलाला खोबरेल लावायचे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि वर्षानुवर्षं धूळ-मळ बसला की चिकट होतं. या पिस्तुलाला बाहेर दिसणारा घोडा (हॅमर) नाही. आत स्प्रिंगवर ताणलेली पिनच पुढे धावते. ती त्या चिकट थरातून धावत होती. जानेवारीच्या सकाळी रेंजवर ठसे उथळ का पडले, याचं उत्तर तिथे मिळालं. म्हणजे पहिल्या दिवशीचे जे दोन राउंड फुटले नाहीत, त्यांचा रिकॉइल स्प्रिंगशी काडीचा संबंध नव्हता.

न फुटलेल्या राउंडांबद्दल एक सांगून पुढे जातो. पिन पडली आणि आवाज आला नाही, तर पिस्तूल समोर, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग स्लाइड ओढायची. अण्णा लगेच ओढून आत डोकावले होते.

मॅगझिनं पाहिली. एक मूळ एफएनचं, दुसरं कुणीतरी नंतर जोडलेलं. दोन्हींच्या स्प्रिंगा दबून आखूड झालेल्या, कारण वडिलांनी ती वर्षानुवर्षं भरून ठेवली होती. दुसऱ्याचे ओठ, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, एका बाजूने फाकलेले.

शेवटी ती एमआयडीसीतली स्प्रिंग. व्हर्नियर लावलं, तर तार जुनीपेक्षा साधारण दहा टक्के जाड, वेढे तितकेच. इथे थोडं थांबतो, कारण शस्त्राच्या दुरुस्तीत ही चूक मी सगळ्यांत जास्त पाहिली आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १.१ चा चौथा घात १.४६. दहा टक्के जाड तार म्हणजे जवळजवळ दीडपट कडक स्प्रिंग. या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारं कुलूप नाही. स्लाइडचं वजन आणि ही स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा खेळ. .३२ च्या काडतुसात ताकद मोजकी. दीडपट कडक स्प्रिंगला ती पूर्ण मागे रेटू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती माणसं विसरतात. तार जाड झाली की स्प्रिंग पूर्ण दबल्यावरची लांबीही वाढते. सगळे वेढे एकमेकांना टेकले की स्लाइड तिथेच थांबते, मग मागे कितीही जागा असो. मी स्लाइड आधी स्प्रिंगशिवाय मागे नेऊन मोजली, मग नव्या स्प्रिंगसह. फरक साडेतीन मिलिमीटर. पुढच्या राउंडच्या बुडामागे जायला स्लाइडला जी चार बोटांची नाही, चार मिलिमीटरची जागा लागते, तीच या स्प्रिंगनं खाल्ली होती. हाताने ओढतानाही ती पूर्ण मागे जात नव्हती. रेंजवर जायची गरजच नव्हती, पट्टी पुरली असती.

केलेली कामं

खोबरेल काढायला दीड दिवस गेला. रॉकेलमध्ये भिजवणं, ब्रश, पुलथ्रू (नळीतून ओढायची साफसफाईची दोरी), चिंधी, पुन्हा भिजवणं. फायरिंग पिनची स्प्रिंग आणि खोबणी कोरडी ठेवली, बाकी सरकणाऱ्या भागांना पातळ खनिज तेलाचा थेंब. गंजाचे खड्डे घासून सपाट करायचा मोह टाळला. गंज थांबवला, खड्डे राहू दिले. पॉलिश केलं असतं तर बेल्जियममधल्या लीज शहराच्या शस्त्र-चाचणीगृहाचे छाप गेले असते, आणि जुन्या बेल्जियन पिस्तुलाचं वय अनेकदा त्या छापांवरूनच कळतं.

रिकॉइल स्प्रिंग दुकानाच्या दुरुस्ती परवान्याखाली आम्हीच वळली. मापासाठी जुनी स्प्रिंग समोर होती, हे अण्णांचं नशीब. ती त्यांनी फेकली नव्हती. जुनी थोडी बसली होती, तेव्हा तिची लांबी नक्कल करून उपयोग नव्हता. तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढे तिचे घेतले, मोकळी लांबी थोडी जास्त ठेवली आणि पूर्ण दाबून चोवीस तास ठेवून किती बसते ते पाहिलं. तीन स्प्रिंगा वळल्या. पहिली मला आवडली नाही, मोडून टाकली. दुसरी बसवली. तिसरी पाकिटात घालून नोंदवहीत चढवली. दोन्ही मॅगझिनांच्या स्प्रिंगाही बदलल्या. फाकलेले ओठ जुळवायचा प्रयत्न केला.

चाचणीसाठी राउंड मोजके. अण्णांच्या परवान्यावर एका वेळी २५ आणि वर्षाला ५० काडतुसं. त्यातली घरची काही वडिलांच्या काळातली, डबीवर बुरशी आलेली. ती वापरायची नाहीत असं ठरवून रीतसर जमा केली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ अक्षरं असलेली नवी घेतली. चौदा राउंड चाचणीला काढायचे ठरलं. मी आधी डमी राउंडांनी शंभरेक वेळा हाताने भरणं-काढणं करून घेतलं. एकदाही अडकलं नाही.

एक दाब, दोन आवाज

जानेवारी २०२२. परवानगी घेऊन जिल्ह्याच्या रेंजवर गेलो. माझी पद्धत सैन्यातली आहे. आधी मॅगझिनमध्ये एकच राउंड. मग पुन्हा एक. मग दोन. पूर्ण मॅगझिन सगळ्यात शेवटी. अण्णांना ते रटाळ वाटलं, “एवढी लांबून आलो, भरा की सगळं!”

एक गेला. एक गेला. दोन भरले. ट्रिगर दाबला आणि दोन आवाज झाले. इतके लागून, की अण्णांना एकच वाटला. दुसरी गोळी बांधाच्या माथ्याजवळ लागली, पहिलीच्या हातभर वर.

मी पिस्तूल खाली ठेवलं, मॅगझिन काढलं, चेंबर पाहिलं आणि बराच वेळ काही बोललो नाही.

“साहेब, एकदाच झालं ना? पुन्हा बघूया की,” अण्णा म्हणाले. राउंड उरले होते दहा. वर्षाचा कोटा मोजका, रेंजची परवानगी पुन्हा काढावी लागणार, साडेतीन तासांचा रस्ता. ‘बोट थरथरलं असेल’ असं स्वतःला समजावणं सोपं होतं. पण ट्रिगर मी दाबला होता, माझं बोट मला माहीत आहे. तिथेच थांबलो.

दुकानात सिअर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत ताणलेली पिन अडवून धरणारा भाग, काढून भिंगाखाली पाहिला. पिनला धरून ठेवणाऱ्या कडेवर दगडाचे ओरखडे. कधीतरी, बहुधा वडिलांच्या हयातीत, कुणीतरी ‘ट्रिगर हलका’ करून दिला होता. त्यातून सिअरची पातीची स्प्रिंगही मरगळलेली. स्लाइड आपटून बंद झाली की पिन धरून राहील, याची हमी उरली नव्हती.

माझी चूक आता सांगतो. हा दोष मला नोव्हेंबरातच सापडायला हवा होता. पिस्तूल खोललं तेव्हा सिअर माझ्या हातात होता. मी तो पुसला आणि परत ठेवला, कारण मी स्प्रिंग शोधत होतो. अण्णांच्या घरी कुणीतरी म्हटलेलं वाक्य साडेतीन तासांचा प्रवास करून माझ्या डोक्यात येऊन बसलं होतं.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट घरी जाताना सुचली. रेंजवर आधी चाललेल्या राउंडांत हे का झालं नाही? थोडं नशीब, आणि थोडं त्या अडकण्यामुळे. चेंबरमध्ये पुढचा राउंड नीट पोचतच नव्हता, मग निसटलेली पिन मारणार कशाला? पिस्तूल अडकत होतं म्हणून अण्णा सुरक्षित होते. आम्ही ते अडकणं दुरुस्त केलं आणि पिस्तूल धोकादायक करून ठेवलं. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे सात राउंड भरून त्यांच्या हातात दिलं असतं तर काय झालं असतं, त्यावर मी फार विचार करत नाही.

दुसऱ्यांदा पर्याय

आता प्रश्न सिअरचा. तो घासून ‘जुळवता’ येतो असं सांगणारे मिळतात. आधीच घासलेल्या भागावर आणखी घासायला मी नकार दिला. कठीण केलेला वरचा थर गेला, की खाली मऊ पोलाद राहतं आणि शंभर दाबांत पुन्हा तेच. नवा घडवणं हा पर्याय होता, पण त्याला लागणारी उष्णता-प्रक्रिया आमच्या दुकानात खात्रीने होत नाही.

आमच्या दुकानाचे मालक शेठ. त्यांच्या नोंदवहीत त्याच मॉडेलचं, फ्रेमला तडा गेलेलं एक पिस्तूल होतं. त्यातला सिअर आणि पातीची स्प्रिंग वापरता येईल का? शेठ म्हणाले, “येईल. पण आधी विचारू.” त्यांनी परवाना शाखेला पत्र लिहून दोन्ही पिस्तुलांचे नंबर, कोणते भाग काढणार, कोणते बसवणार आणि खराब भागांचं काय करणार ते कळवलं. उत्तर यायला पाच महिने लागले. अण्णा दर पंधरवड्याला फोन करायचे. मला मधे एकदा वाटलं, की सरळ काम करून टाकावं. शेठनी तसं केलं नाही, आणि त्यांच्या दुकानाला इतकी वर्षं टाळं का लागलं नाही हे मला तेव्हा कळलं.

याच पाच महिन्यांत अण्णांशी तिसऱ्या पर्यायाबद्दल खरं बोलणं झालं. न चालवता नुसतं ठेवायचं का? मी माझं मत दिलं, की ठेवा. ते म्हणाले, “परवाना संरक्षणासाठी आहे. न चालणारं ठेवून मी कुणाला फसवू?” वाद तिथेच राहिला.

निष्पत्ती

भाग ऑगस्ट २०२२ मध्ये बसले. दात्या पिस्तुलाचा सिअर तसाच्या तसा बसला नाही. जुन्या पिस्तुलांत कारखान्यात हाताने जुळवणी झालेली असायची, त्यामुळे एकाच मॉडेलचे भागही अदलाबदल होतील असं गृहीत धरता येत नाही. दोन तासांचं काम चार दिवस चाललं. मग रिकामं पिस्तूल घेऊन स्लाइड पूर्ण वेगाने बंद करणं, पिन धरून राहते का पाहणं, सेफ्टी लावून ट्रिगर दाबणं, मुठीतली सेफ्टी न दाबता ट्रिगर दाबणं. प्रत्येक तपासणी पन्नास वेळा, आणि वहीत काडी मारून.

रेंजवर चोवीस राउंड. एकेक असे सहा, दोन-दोन करून बारा, शेवटी सहा एकत्र. मूळ मॅगझिनने एकदाही अडकलं नाही, दोन आवाज झाले नाहीत, ठसे खोल. २०२३ मध्ये आणखी वीस, तेही ठीक. दुसरं मॅगझिन मात्र शेवटच्या राउंडला अजून मान टाकतं. त्याच्या बुडाला लाल रंग लावून ते अण्णांच्या तिजोरीत ठेवून दिलंय. ट्रिगर आता जड आहे. अण्णांना तो आवडत नाही. मला आवडतो.

एमआयडीसीतली स्प्रिंग दुकानात तुकडे करून, शेठ आणि अण्णा दोघांच्या सह्यांनिशी नष्ट केली.

आज तेच पिस्तूल टेबलावर आलं तर

मी मालकाची तक्रार शेवटी ऐकेन. आधी रिकाम्या पिस्तुलाच्या सुरक्षेच्या सगळ्या तपासण्या, मग काडतुसं, मग मॅगझिन, मग साफसफाई, आणि एवढं झाल्यावर उरलेल्या दोषासाठी स्प्रिंगकडे बोट. या क्रमाने गेलो असतो, तर पहिल्याच दिवशी सिअर सापडला असता, खोबरेल सापडलं असतं आणि कदाचित मूळ रिकॉइल स्प्रिंग अजून चार वर्षं चालली असती. खरं सांगायचं, तर ती तितकी वाईट नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये जी एक पुंगळी अडकली, ती बहुधा थकलेल्या मॅगझिनमुळे आणि चिकट स्लाइडमुळे.

अण्णांनी काय वेगळं करायला हवं होतं, हे त्यांनाच विचारलं. त्यांना एमआयडीसी आठवेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, “२०१७ ला जमा करतानाच होल्स्टर घरी ठेवायला हवं होतं.”

२०२४ मध्ये लोकसभेला आणि पुन्हा विधानसभेला पिस्तूल जमा झालं. या वेळी मॅगझिनं रिकामी, पिस्तुलाला तेलाचा पातळ हात, गंजरोधक कागदात गुंडाळून डब्यात, डब्यावर नंबर, आणि ठाण्याच्या पावतीवर ‘कागदासह’ असा शेरा. डिसेंबरात ते आमच्याकडे तपासणीला आलं. कागद उघडला. स्लाइडवर डाव्या बाजूला, शिक्क्याच्या खाली, एका अंगठ्याचा स्वच्छ ठसा तांबूस उमटला होता. कुणीतरी नंबर पडताळायला उघडलं असेल आणि पुसायचं राहिलं असेल. तेलाच्या चिंधीने दोन मिनिटांत गेला. शेठनी वहीत तारीख टाकली आणि तिसऱ्या स्प्रिंगचं पाकीट परत कपाटात ठेवलं.